केडी सारखाच, अँटीबॉडी दोन: संत्र्याच्या पट्टी-चाचणीसाठी कुठली घेऊ?

मृगबहार | सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात पीएचडी करते. संत्र्याच्या कलमात ट्रिस्टेझा विषाणू आहे की नाही हे नर्सरीतल्या माणसाला जागच्या जागी कळावं, अशी पट्टी तयार करायचं माझं काम आहे. गरोदरपणाच्या चाचणीची पट्टी असते तशीच. पान कुटायचं, बफरात (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) घोळायचं, चार थेंब टाकायचे, लाल रेघ उठते का बघायची. विषाणूच्या आवरण-प्रथिनाला धरणाऱ्या दोन मोनोक्लोनल अँटीबॉडी आमच्याकडे आहेत, दोन्ही उंदराच्या. इथे त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणते.

कोण किती घट्ट धरतं हे मोजायला पुण्यात एका प्रयोगशाळेतल्या एसपीआर यंत्रावर दोन दिवस मिळाले. थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून, नमुने मांडीवर घेऊन रात्रीच्या गाडीने गेले. चिपवर आवरण-प्रथिन अमाइन कपलिंगने (रासायनिक बंधाने) बसवलं, साधारण ६००० आरयू (यंत्राचं मोजायचं एकक). वरून अँटीबॉडी सोडली, ५ ते ५० नॅनोमोलार, प्रवाह मिनिटाला ३० मायक्रोलिटर. जोडणीला ३ मिनिटं दिली, सुटणीला ५ मिनिटं. बेसलाइन मिनिटाला अर्धा आरयू सरकत होती.

सॉफ्टवेअरने दिलेले आकडे असे:

अ: ऑन-रेट दहा लाख प्रति मोलार प्रति सेकंद, ऑफ-रेट सेकंदाला ०.००१
ब: ऑन-रेट दहा हजार, ऑफ-रेट ०.००००१

भागाकार केला की दोन्हींचा केडी १ नॅनोमोलार. आमचे गाइड म्हणतात, दोन्ही सारख्याच, जिचं उत्पादन सोपं ती घे. 'ब' चांगली बनते, त्यामुळे कल तिकडे आहे. पण 'ब'चा सेन्सोग्राम (यंत्राने काढलेला वक्र) मला बघवत नाही. वर जाताना जवळजवळ सरळ रेघ, नंतर आडवी रेघ. ४०० आरयूला जाऊन थांबली ती हललीच नाही. फिट मात्र सुंदर बसलाय. यावर विश्वास ठेवू का?

निळीशाई | सोमवार, रात्री १०:५२

मी वाणिज्य शाखेची, पण आजोळ वरूडचं, त्यामुळे संत्री म्हटलं की धागा उघडतेच. केडी म्हणजे काय, हे कुणी साध्या शब्दांत सांगेल का?

जुनीपिपेट | मंगळवार, सकाळी ७:३०

निळीशाई, सावजीची दोन भोजनालयं डोळ्यांपुढे आणा. एकात माणसं पटापट येतात, जेवतात, पटापट उठतात. दुसऱ्यात तासाला एखादं गिऱ्हाईक येतं, पण बसलं की संध्याकाळपर्यंत उठत नाही. तुम्ही कधीही डोकावलात तरी दोन्हीकडे निम्मी बाकं भरलेली. केडी म्हणजे ही निम्मी बाकं भरायला बाहेर रस्त्यावर किती गर्दी लागते तो आकडा. तो लहान असेल तर थोड्या गर्दीतही बाकं भरतात, म्हणजे पकड घट्ट. पण गिऱ्हाईक किती वेगाने येतं आणि किती वेळ बसतं, हे केडी सांगत नाही. येण्याचा वेग तो ऑन-रेट, उठण्याचा तो ऑफ-रेट. उठण्याच्या वेगाला येण्याच्या वेगाने भागलं की केडी.

मृगबहार, तुझ्या प्रश्नाला सविस्तर उत्तर दुपारी लिहिते. तोवर 'ब'चं उत्पादन वाढवू नकोस.

प्रकाशवाट | मंगळवार, सकाळी ११:०५

मी नागपूरच्या महाल भागात राहतो. ३४ वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. अँटीबॉडीबद्दल बोलायचा माझा अधिकार नाही, पण यंत्राच्या आत प्रकाश काय करतो ते सांगायची फार इच्छा आहे, कारण ते अतिशय सुंदर आहे.

काचेच्या प्रिझममधून आलेला किरण एका ठरावीक कोनापलीकडे तिरपा असला की बाहेर पडत नाही, सगळा परत फिरतो. पूर्ण आंतरिक परावर्तन, हे सगळ्यांनी शाळेत शिकलेलं असतं. शाळेत सांगायचं राहतं ते असं की परत फिरतानाही प्रकाशाचं क्षेत्र काचेबाहेर थोडं डोकावतं आणि काहीशे नॅनोमीटरमध्ये विरून जातं. आता त्या काचेवर सोन्याचा ५० नॅनोमीटर जाडीचा थर द्या. सोन्यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात. एका नेमक्या कोनाला हे डोकावणारं क्षेत्र त्या इलेक्ट्रॉनांच्या समूहाला लाटेसारखं हलवतं, प्रकाशाची ऊर्जा तिकडे जाते आणि परतीच्या प्रकाशात काळी खाच पडते. हाच पृष्ठभागीय प्लाझ्मॉन अनुनाद, म्हणजे एसपीआर.

खाच कुठल्या कोनाला पडणार हे सोन्याला चिकटून असलेल्या द्रवाच्या अपवर्तनांकावर ठरतं. पाण्याच्या जागी प्रथिन येऊन बसलं की अपवर्तनांक वाढतो, खाच सरकते. रंग लावावा लागत नाही, किरणोत्सर्गी खूण लागत नाही. १००० आरयू म्हणजे कोनात सुमारे एक दशांश अंशाचा फरक. एक आरयू म्हणजे अंशाचा दहा हजारावा भाग! हे मोजणाऱ्यांना माझा नमस्कार.

१९०२ मध्ये रॉबर्ट वुड यांना धातूच्या जाळीवरून आलेल्या प्रकाशात असे काळे पट्टे दिसले होते, पण कारण उलगडलं नव्हतं. १९६८ मध्ये ओटो यांनी एका पद्धतीने आणि क्रेट्शमन व रेटर यांनी दुसऱ्या पद्धतीने प्रिझम वापरून ही लाट हुकमी उठवून दाखवली. १९८३ मध्ये स्वीडनच्या लिंकोपिंगमध्ये लीडबर्ग, नीलांडर आणि लुंडस्ट्रॉम यांनी त्यावर जैविक रेणू बसवून बघितले, आणि १९९० मध्ये बियाकोर हे पहिलं विक्रीचं यंत्र आलं.

आणखी एक गोष्ट. मृगबहार, तुझ्या पट्टीवरची लाल रेघ कशाने उठते? सोन्याच्या कणांनी, बहुधा ४० नॅनोमीटरच्या. एवढ्या बारीक सोन्यातले इलेक्ट्रॉन हिरव्या प्रकाशाला डोलतात आणि तो शोषून घेतात, म्हणून कण लाल दिसतात. म्हणजे पुण्यातलं ते महागडं यंत्र आणि काटोलच्या नर्सरीतली पट्टी, दोन्हींत सोन्याच्या इलेक्ट्रॉनांचंच डोलणं. फॅरडे यांनी १८५७ मध्ये असं लाल सोनं बनवून त्याचा अभ्यास केला होता. वर्गात मुलांना हे सांगायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

मृगबहार | मंगळवार, दुपारी १२:४०

सर, हे दोन्ही एकच असल्याचं मी तीन वर्षांत कधी जोडून बघितलं नव्हतं. मनापासून आभार.

जुनीपिपेट | मंगळवार, दुपारी ३:२०

आता सविस्तर. मी मूळची धरमपेठेची, सध्या हैदराबादेत अँटीबॉडींवरच काम करते, या यंत्रांवर सतरा वर्षं झाली.

यंत्र बंधन मोजत नाही, सोन्याजवळ किती वजन बसलंय ते मोजतं. हे आधी डोक्यात पक्कं बसव. १००० आरयू म्हणजे चौरस मिलिमीटरला साधारण एक नॅनोग्रॅम प्रथिन. ते वजन का बसलं, एका हाताने धरून बसलं की दोन, खाली बसलेलं प्रथिन धड होतं की मोडकं, यातलं यंत्राला काही कळत नाही. ते सगळं आपण प्रयोग मांडताना ठरवायचं असतं.

तुझ्या 'ब'चा ऑफ-रेट ०.००००१. म्हणजे अर्धे रेणू सुटायला ६९,३०० सेकंद, सव्वाएकोणीस तास. तू बघितलंस पाच मिनिटं. पाच मिनिटांत सुटणार ०.३ टक्के. ४०० आरयूचे ०.३ टक्के म्हणजे सव्वा आरयू. आणि तुझी बेसलाइन पाच मिनिटांत स्वतःच अडीच आरयू सरकते आहे! जो उतार मोजायचा तो सरकण्याच्या निम्मासुद्धा नाही. सॉफ्टवेअरला आकडा द्यावाच लागतो, म्हणून त्याने दिला. तो 'ब'चा ऑफ-रेट नाही. निदान पाच टक्के तरी सुटेपर्यंत थांबायचं असा आमच्याकडे दंडक आहे. या वेगाला त्यासाठी ८५ मिनिटं लागतील. सगळ्या इंजेक्शनांना नको, सगळ्यात जास्त सांद्रतेच्या एकाच इंजेक्शनला तेवढं दे, बाकीच्यांना दहा मिनिटं चालतील.

त्याहून मोठी गोष्ट मांडणीची आहे. अँटीबॉडीला दोन हात असतात. तू प्रथिन खाली दाट पेरलंस आणि दोन हातांचा रेणू वरून सोडलास. एक हात सुटला तरी दुसरा धरून असतो, तोवर पहिला शेजारचं प्रथिन पकडतो. ४०० आरयूवर आडवी पडलेली ती रेघ मला याचीच वाटते. हे दोन हातांचं एकत्रित बळ आहे, त्याला एकास-एक मॉडेलचा फिट लावणं चूक. फिट सुंदर दिसला कारण वक्राला आकारच नव्हता. सरळ रेघेवर कुठलंही मॉडेल सुंदर बसतं.

उलट कर. चिपवर उंदराच्या अँटीबॉडीला शेपटीकडून धरणारी दुसरी अँटीबॉडी बसव, तिच्याकडून 'अ' किंवा 'ब' थोडीशी पकडून घे आणि वरून आवरण-प्रथिन सोड. दर फेरीनंतर १.७ पीएचच्या ग्लायसिनने धुतलंस की पृष्ठभाग पुन्हा कोरा. यात दुहेरी फायदा आहे. अमाइन कपलिंगच्या आधी तू प्रथिन आम्लधर्मी बफरात घातलं असणार आणि त्याचे लायसिन कुठेही बांधले गेले असणार. त्यातलं किती प्रथिन शाबूत राहिलं कुणास ठाऊक.

आणि ६००० आरयू! तुझं आवरण-प्रथिन २५ किलोडाल्टनचं, अँटीबॉडी १५० ची, म्हणजे सहापट. सगळ्या प्रथिनांवर एकेक अँटीबॉडी बसली तर ३६,००० आरयू व्हायला हवेत. इतक्या दाट पृष्ठभागावर 'अ'सारखी वेगवान अँटीबॉडी पोचायच्या आत वापरली जाते. मग तू रेणूंचा वेग मोजत नसतेस, द्रवातून पृष्ठभागापर्यंत यायला लागणारा वेळ मोजत असतेस. 'अ'चा खरा ऑन-रेट तुझ्या आकड्यापेक्षा जास्त असू शकतो. तपासायला सोपं आहे: ३० ऐवजी १०० मायक्रोलिटर प्रवाहावर तोच नमुना चालव. वक्र बदलला तर गडबड आहे.

हे तुझ्या एकटीचं नाही, म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. रिच आणि मिश्का या दोघांनी २००८ मध्ये ऑप्टिकल बायोसेन्सरवर छापून आलेले १४१३ लेख तपासले आणि लिहिलं की त्यातले ३० टक्केसुद्धा शाळेच्या रसायनशास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत. मी तेव्हा या कामात नवखी होते. ते वाचल्यावर आमचे स्वतःचे जुने सेन्सोग्राम काढून बसले होते, आणि दोन प्रकल्पांचे आकडे आम्हाला मागे घ्यावे लागले.

निळीशाई | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

पण विषाणूच सरळ का सोडत नाही यंत्रात? शेवटी पट्टीवर तोच येणार ना?

प्रकाशवाट | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

निळीशाई, फार चांगला प्रश्न. आत्ताच वाचलं, ट्रिस्टेझाचा विषाणू दोऱ्यासारखा असतो, लांबी सुमारे २००० नॅनोमीटर. मी वर लिहिलं तसं प्रकाशाचं क्षेत्र सोन्यापासून काहीशे नॅनोमीटरपर्यंतच पोचतं, आणि जितकं दूर तितकं क्षीण. दोरा एका टोकाने अडकून उभा डोलत राहिला तर त्याचा बहुतेक भाग प्रकाशाला दिसणारच नाही.

जुनीपिपेट | मंगळवार, रात्री ९:३०

सरांनी बरोबर सांगितलं. शिवाय त्या दोऱ्यावर आवरण-प्रथिनाच्या हजारो प्रती. कितीही हातांनी धरता येतं, मग एका हाताची पकड कशी कळणार?

बुटीबोरी_क्यूसी | बुधवार, सकाळी ९:००

मी गुणवत्ता-तपासणीत आहे, आमच्याकडे टोक बुडवून मोजायचं बीएलआय यंत्र आहे. त्यात सोनं नाही, प्रिझम नाही. काचेच्या बारीक तंतूच्या टोकावर पांढरा प्रकाश सोडतात, थराच्या दोन पृष्ठभागांवरून परतलेल्या प्रकाशाचा व्यतिकरणाचा नमुना बनतो, टोकावर रेणू बसून थर जाड झाला की नमुना सरकतो. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये टोकं बुडवत जायचं. नळ्या नाहीत, बुडबुडे नाहीत. कुठली अँटीबॉडी कुठे धरते याची जोड्या लावून चाळणी करायला मला हे यंत्र फार आवडतं. पण ८५ मिनिटांची सुटणी यावर करू नका. प्लेट उघडी असते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत खळग्यातलं बफर तासाभरात इतकं उडतं की मीठ दाट होऊन वक्र भलतीकडे जातो. त्यासाठी एसपीआरच बरं.

तापमानाचंही सांगतो. पाण्याचा अपवर्तनांक तापमानाला बदलतो. एक अंशाचा फरक म्हणजे शंभरेक आरयू. यंत्र आतून २५ अंश राखतं, पण बाहेर खोली ३४ आणि बफर फ्रिजमधून नुकतंच काढलेलं, असं असलं की तासभर बेसलाइन बसत नाही. तुमचं अर्ध्या आरयूचं सरकणं मला यातलंच वाटतं. बफर आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवा, गाळून त्यातली हवा काढून घ्या. थंड बफर गरम झालं की विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपात नळीत येते.

मृगबहार | बुधवार, रात्री ११:२०

बफर फ्रिजमधूनच काढलं होतं. सकाळी पोचले, वेळ वाया जाऊ नये म्हणून लगेच सुरू केलं.

सगळ्यांचं दोनदा वाचलं. जुनीपिपेट ताई, ३६,००० चं गणित मी स्वतः करायला हवं होतं. गाइडना हा धागा दाखवला, त्यांनी पुन्हा जायला परवानगी दिली. पुढची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली आहे. एक शंका: समजा सगळं नीट मोजूनही केडी सारखाच आला, तर पट्टीसाठी कुठली?

जुनीपिपेट | गुरुवार, सकाळी ७:१५

तर डोळे मिटून वेगाने धरणारी, म्हणजे 'अ'. कारण पट्टीवर वेळच नसतो.

हिशोब कर. पट्टीतल्या नायट्रोसेल्युलोजची एक नेहमीची प्रत अशी असते की द्रव ४ सेंटिमीटर चढायला १२० सेकंद घेतो. सरासरीने बघितलं तर मिलिमीटरला ३ सेकंद. तुझी रेघ मिलिमीटरभर रुंद. म्हणजे विषाणू रेघेवरून जातो तो तीन सेकंदांत, तेवढ्यात धरला तर धरला. समजा रेघेत अँटीबॉडीची परिणामकारक सांद्रता एक मायक्रोमोलार आहे. दहा लाखाच्या ऑन-रेटने तीन सेकंदांत ९५ टक्के धरले जातात. दहा हजाराच्या ऑन-रेटने ३ टक्के. उरलेले ९७ टक्के रेघ ओलांडून पुढच्या शोषकात. केडी दोघींचा सारखाच!

एलायझात (प्रयोगशाळेत प्लेटवर करायच्या अँटीबॉडी-चाचणीत) गोष्ट वेगळी. तिथे तास-दीड तास ठेवतात आणि मग पाच वेळा धुतात. तिथे न सुटणारी अँटीबॉडी जिंकते. त्यामुळे 'अँटीबॉडी चांगली आहे का' हा प्रश्नच अपुरा आहे, कशासाठी ते आधी विचारायचं.

काटोलचा_बागायतदार | गुरुवार, रात्री ८:४०

नमस्कार ताई. हा धागा माह्या पुतण्यानं वाचून दाखवला. ते प्रकाशाचं मले पुरतं नाही समजलं, पण भोजनालयाचं समजलं अन् तीन सेकंदाचंही समजलं.

आमची नऊ एकर संत्रा आहे. एकदा एका नर्सरीतून चारशे कलमं आणली होती. दिसाले हिरवीगार. सातव्या वर्षापासून झाडं मलूल पडत गेली, फळ बारीक व्हाले लागलं. डिंक्या म्हणा, व्हायरस म्हणा, का जमिनीतलं काही, कोणी नक्की सांगू शकलं नाही. संत्र्याचं झाड हे पोरासारखं आहे, पाच वर्षं पोसल्यावर मंग ते देते. कलम बांधाले डोळा (कळी) ज्या झाडाचा घेतला ते झाडच खराब असलं, तर आपण पाच वर्षं कायले पाणी टाकून राहिलो होतो, हा विचार झोपू देत नाही. म्हणून म्हणतो, जे मोजाचं ते नीट मोजा. घाईत चुकीची पट्टी बाजारात आली अन् तिनं खराब कलमाले चांगलं म्हटलं, तर आम्ही पुन्हा पाच वर्षं गमावू.

मृगबहार | शुक्रवार, सकाळी ६:५०

काका, तुमचा प्रतिसाद छापून माझ्या टेबलासमोर लावला आहे.

इतरांसाठी थोडं लिहिते. हा विषाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो. एका झाडावरून दुसऱ्यावर मावा नेतो, पण दूर गावी तो जातो कलमाच्या डोळ्यांमधून, म्हणजे आपल्याच हातांनी. सहनशील खुंटावरचं झाड वरून धडधाकट दिसूनही आत विषाणू बाळगून असू शकतं, म्हणून नुसतं बघून मातृवृक्ष निवडता येत नाही. जुनी कसोटी म्हणजे संशयित झाडाचा डोळा कागदी लिंबाच्या रोपावर बांधायचा आणि नव्या पानांच्या शिरा पारदर्शक होतात का याची वाट बघायची. त्यात आठवडे, कधी महिने जातात. एलायझा आणि पीसीआर आहेत, पण ते प्रयोगशाळेत. अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेसारख्या ठिकाणाहून रोगमुक्त रोपं मिळतात, तरी विदर्भातली सगळी लागवड तेवढ्यावर भागत नाही. पट्टी हवी आहे ती गावोगावच्या नर्सरीसाठी.

मृगबहार | तेवीस दिवसांनी, रविवार, रात्री ९:५५

परत आले. आधी आकडे:

अ: ऑन-रेट १४ लाख, ऑफ-रेट ०.००१५, केडी साधारण १.१ नॅनोमोलार
ब: ऑन-रेट १२ हजार, ऑफ-रेट ०.०००३, केडी २५ नॅनोमोलार

म्हणजे सारख्या नव्हत्याच! 'ब'चा ऑफ-रेट आधीच्या तीसपट निघाला. सव्वाएकोणीस तास म्हणत होतो ते अर्धायुष्य ३८ मिनिटांवर आलं. बाकी सगळं दोन हातांचं बळ होतं.

काय केलं ते लिहून ठेवते, पुढे कुणाला उपयोग होईल. आवरण-प्रथिन जाण्याआधी जेल फिल्ट्रेशनमधून (आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या स्तंभातून) काढलं. त्यात एक मोठा गठ्ठा आधी बाहेर आला, म्हणजे माझं प्रथिन गोळा होऊन बसत होतं. एकेरी रेणूंचा भाग तेवढा घेतला. तो गठ्ठा तसाच वरून सोडला असता तर उलट्या मांडणीतही पुन्हा तीच चूक झाली असती. चिपवर अँटीबॉडी फक्त १५० आरयू पकडली. त्यावर दोन्ही हात भरले तर कमाल ५० आरयू व्हायला हवेत, मला ४३ मिळाले, म्हणजे बहुतेक हात काम करत होते. ३० आणि १०० मायक्रोलिटरवर वक्र एकावर एक बसले. दर चौथं इंजेक्शन कोऱ्या बफरचं ठेवलं आणि ते वजा केलं. बफर आदल्या रात्री बाहेर काढायला तिथल्या तंत्रज्ञ दादांना फोन करून सांगितलं होतं. बेसलाइन इतकी शांत मी पहिल्यांदा बघितली. 'ब'ला एकदा पूर्ण ९० मिनिटं सुटू दिलं. तो वक्र हळूहळू खाली येताना बघत बसले होते.

पण आता नवी काळजी. 'अ'चं अर्धायुष्य जेमतेम पावणेआठ मिनिटं. पट्टी वाचायची पंधरा मिनिटांनी. तोवर रेघ फिकट होणार नाही का?

जुनीपिपेट | सोमवार, सकाळी ७:०५

फार चांगलं काम केलंस गं. ४३ चा आकडा बघून मला खरोखर आनंद झाला.

रेघेची काळजी करू नकोस. मोजताना जे टाळायला एवढा खटाटोप केला, तेच पट्टीवर तुझ्या मदतीला येईल. पट्टीवर एकेरी प्रथिन येणार नाही, विषाणू येणार, किंवा त्याचे तुकडे, आणि प्रत्येकावर त्या प्रथिनाच्या शेकडो प्रती. रेघेतल्या कितीतरी 'अ' त्याला एकाच वेळी धरतील. एक सुटली तरी बाकीच्या धरून आहेत. एक हात पावणेआठ मिनिटांत सुटतो म्हणून आख्खा दोरा सुटत नाही.

याच कारणाने आणखी एक करून बघ. सहसा पट्टीला दोन वेगळ्या जागी धरणाऱ्या अँटीबॉडींची जोडी लागते, एक रेघेवर, एक सोन्याच्या कणांवर. तुझ्या विषाणूवर एकच जागा हजारदा आहे. 'अ'च रेघेवर आणि 'अ'च सोन्यावर लाव. 'ब' अजिबात लागणार नाही कदाचित. फक्त मोकळं सुटलेलं एकेरी प्रथिन रसात फार असेल तर ते सोन्यावरचे हात भरून टाकेल, म्हणून रस दहापट, शंभरपट पातळ करूनही रेघ बघ.

बुटीबोरी_क्यूसी | सोमवार, सकाळी १०:३०

रसाचं मात्र जपून. संत्र्याच्या पानाचा रस आंबट, त्यात फिनॉलही भरपूर. शुद्ध बफरातले आकडे तिथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. काढणीच्या बफरात पीव्हीपी (फिनॉल धरून ठेवणारं) आणि ट्वीन (साबणासारखं) घाला, पीएच ७.४ ला टिकतोय का ते कुटल्यानंतर मोजा, कुटण्याआधी नव्हे. आणि निरोगी झाडाचा रस प्रत्येक वेळी सोबत चालवा.

काटोलचा_बागायतदार | सोमवार, रात्री ८:१५

अभिनंदन ताई. पानाचा कोणता भाग घेता? आमच्या बागेतले नमुने पाहिजे असतील तर या. आता या, उद्या या.

मृगबहार | सोमवार, रात्री १०:४०

काका, पानाची मधली शीर आणि देठ, नाहीतर कोवळ्या फांदीची साल. विषाणू अन्नवाहिन्यांतच असतो, त्यामुळे पानाचा पसरट भाग फारसा कामाचा नाही.

यायचं तर आहेच, पण आत्ता नको. या उन्हात झाडातला विषाणू कमी होतो. आत्ता रेघ उठली नाही तर झाड निरोगी आहे की विषाणूच दबला आहे, हे मला सांगता येणार नाही, आणि तुमच्या झाडाबद्दल चुकीचं उत्तर मला द्यायचं नाही. तोवर प्रयोगशाळेतल्या रोपांवर 'अ'-'अ'ची पट्टी करून बघते. पाऊस पडून मृगाची नवी पालवी आली, जून झाली, की ऑगस्टच्या शेवटी येते. मलूल पडलेली जी झाडं अजून उभी आहेत त्यांना आणि जी चांगली दिसतात त्यांनाही आत्ताच चुन्याने खुणा करून ठेवाल का? कुठली कुठली ते मला सांगू नका. मी नमुने घेईन, पट्टी चालवेन, मग आपण दोघं वह्या पडताळून बघू.

काटोलचा_बागायतदार | मंगळवार, सकाळी ५:३०

खुणा केल्या. बावीस झाडं आहेत.